वाळूतल्या गाडीचा फोटो

बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये त्या काळी मुलगी लग्नाची झाली की तिचा फोटो प्रभा स्टुडिओतच काढायचा, असं आयांचं ठरलेलं असे. स्टुडिओचा मालक फोटो यथातथाच काढायचा. नाव होतं ते माझ्या हयवदनमामाच्या हाताचं. तो तिथे रिटचिंग करायचा. उत्तरेच्या खिडकीशी एक उतरतं डेस्क, मागून उजेड येईल अशी त्यावर बसवलेली काचेची निगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरते तिथे फोटो उजळ येतो. मामा देवीचे वण भरायचा, डोळ्यांखालचं काळं भरायचा, आदल्या दिवशी रडलेल्या पोरीला चांगली झोप झालेली दाखवायचा.

पुढे पुढे वरपक्षाकडचे लोकही शहाणे झाले. "प्रभाचा फोटो आहे का? मग मुलगी आधी उजेडात बघून घ्या," असं एकमेकांना सांगू लागले. मामाला हे कुणी ऐकवलं की तो कानापर्यंत लाल व्हायचा. "मी काय खोटं करतो? देवानं घाईत केलं ते स्वल्प नीट करतो," म्हणायचा.

मामा अतिशय भित्रा होता. भाजीवालीने किडकी वांगी घातली तर घरी आणून किडका भाग कापून टाकायचा, पण तिला एक शब्द बोलायचा नाही. त्याचा हा स्वभाव लहानपणापासून माझ्या डोक्यात जायचा. मी आईवर गेले नाही आणि मामावर तर नाहीच. मी तोंडाळ. पण वडील गेल्यावर आम्हा दोघींना ज्याने सांभाळलं तो हाच माणूस, हेही इथेच सांगून टाकते. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. त्यानंतर तो त्याच्या अक्काकडे, म्हणजे माझ्या आईकडे, आला आणि तिथलाच झाला.

‘वडील गेल्यावर’ असं मी म्हटलं खरं, पण ते कसे गेले हेच तर नऊ वर्षं कुणाला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांचं नाव त्रिविक्रम, घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते पाणी खेचायचे पंप विकायचे. तंजावरच्या पुढे, समुद्राकाठच्या मिठागरांत त्यांची गिऱ्हाइकं होती, म्हणून जुनी ऑस्टिन गाडी घेऊन ते महिना महिना तिकडे जायचे. बावन्न साली कार्तिकात त्या किनाऱ्यावर मोठं वादळ झालं, त्याच्या आधी दोन दिवस नागपट्टणहून त्यांचं कार्ड आलं होतं. त्यानंतर काही नाही. माणूस नाही, गाडी नाही, प्रेत नाही. मी तेव्हा सहा वर्षांची होते.

प्रेत नाही म्हटल्यावर आईचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला. आमची तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेली घराणी, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, पण शास्त्राच्या बाबतीत मात्र काशीच्या पंडितांनीही शिकायला यावं अशी. अण्णांचे थोरले भाऊ उपेंद्रकाका यांनी निवाडा दिला: बारा वर्षं वाट पाहायची. बारा वर्षांत बातमी आली नाही तर दर्भाचा पुतळा करून तो जाळायचा, आणि मग अंबुबाईचं, म्हणजे माझ्या आईचं, पुढचं काय ते करायचं. पुढचं काय, ते सांगायची गरज नव्हती. काकांच्या घरी त्यांची बहीण कावेरीआत्या होती. बाविसाव्या वर्षी विधवा झाली, त्याच आठवड्यात न्हाव्यासमोर बसवली. तेव्हापासून डोक्यावर तांबड्या लुगड्याचा पदर आणि दर पंधरा दिवसांनी मागच्या दारी न्हावी. तिला मी कधी आरशासमोर पाहिलं नाही. माझ्या आईचे केस गुडघ्यापर्यंत होते. आत्या आमच्याकडे आली की आई वेणीचा घट्ट अंबाडा घालून वर पदर घ्यायची, बहुतेक तिला वाईट वाटू नये म्हणून. मामा हे बघायचा आणि खाली मान घालायचा. चौसष्ट सालची त्याला मनातून धास्ती होती.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात देवाप्पा नावाचा एक ड्रायव्हर लायसन्सचा फोटो काढायला प्रभामध्ये आला. बेळगावकडचा, लढाईत आफ्रिकेच्या वाळवंटात लष्करी ट्रक चालवून आलेला. किनाऱ्यावरची वाळू तपासणाऱ्या एका कंपनीची जीप आता तो चालवायचा. मामाने मराठी ऐकून सहज चौकशी केली, आणि देवाप्पाने खिशातून एक कागद काढला.

"बगा की ओ, वाळूत एक मोटार घावलिया. नुस्तं टप आन् मागचा नंबर वर आलाय. वारं वाळू हिकडची तिकडं करतंय न्हवं का, म्हून आत्ता दिसाय लागली. नंबर तुमच्या बंगळूरचा हाय. कुनाची हाय म्हाईत हाय काय?"

मामाला नंबर तोंडपाठ होता. तो लगबगीने घरी आला. त्या दिवशी नेमके काका आमच्याकडे जेवायला होते. शहाणा माणूस पानावर गप्प बसला असता. मामाने पहिल्या भातालाच सगळं सांगून टाकलं. आई वाढत होती, तिच्या हातातली पळी तशीच राहिली. काकांनी शांतपणे ताक मागितलं आणि म्हणाले, "तू जा. कॅमेरा घेऊन जा. कोण काय म्हणतं ते मला नको, फोटो आण. फोटो पाहू, मग ठरवू."

म्हणजे माझ्या आईचे केस राहणार की जाणार, हे आता एका फोटोवर आलं. मामा दुसऱ्याच दिवशी स्टुडिओचा लाकडी कॅमेरा, तिकाटणं, काचेच्या दोन प्लेटा आणि चटणीपुडीचा डबा घेऊन देवाप्पाबरोबर निघाला.

तिथे काय झालं ते मला थोडं मामाने आणि बरंच देवाप्पाने पुढे सांगितलं. शेवटचं गाव मागे पडलं आणि रस्ता संपला. पुढे वाळूच्या टेकड्या, मधूनमधून केवड्याची बनं, एखादा ताड, आणि पलीकडे न दिसणाऱ्या समुद्राचा आवाज. देवाप्पाने जीप थांबवली, उतरून चारही चाकांतली निम्मी हवा सोडली. मामाला वाटलं, गाडी पंक्चर झाली. तो केविलवाणा होऊन विचारू लागला की आता इथे दुरुस्तीचं दुकान कुठे मिळणार. देवाप्पा हसला. "चाक पसरलं की वाळूवर तरंगतंय ओ. घट्ट चाक रुततंय." मग त्याने खालचा छोटा दांडा ओढून चारही चाकांना जोर दिला आणि जीप टेकडीवर घातली.

मामा कॅमेरा पोटाशी धरून बसला होता. चढावर आभाळ दिसायचं आणि उतारावर एकदम वाळू अंगावर यायची. एका टेकडीच्या माथ्यावर जीप आडवी घसरू लागली तेव्हा देवाप्पाने हातातलं चाक उताराच्याच दिशेने फिरवलं आणि वेग वाढवला. मामाने डोळे मिटून राघवेंद्रस्वामींना हाका मारल्या. खाली पोचल्यावर देवाप्पा म्हणाला, "घसराय लागली की बिरेक दाबायचा न्हाई. दाबला की उलटली." त्या दणक्यात दोनातली एक प्लेट फुटली होती. उरली एक.

गाडी दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात होती. देवाप्पाने पाहिली होती त्यापेक्षा आता पुष्कळ उघडी पडली होती. पुढची काच दिसत होती, दारं निम्म्यापर्यंत मोकळी झाली होती. रंग सगळा खरवडून गेला होता, पण ऑस्टिन ओळखू येत होती. मामा जवळ गेला नाही. फोटो काढायला आलेला माणूस आधी फोटो काढतो. त्याने समोर तिकाटणं रोवलं, काळं फडकं डोक्यावर घेतलं आणि मागच्या काचेवर चित्र जुळवू लागला. त्या कॅमेऱ्यात सगळं उलटं दिसतं, खाली आभाळ आणि वर जमीन. तशा उलट्या गाडीत, ड्रायव्हरच्या जागेवर, मामाला एक तपकिरी कोट ताठ बसलेला दिसला. तो कोट त्यानेच अण्णांबरोबर चिकपेटेत जाऊन शिवायला टाकला होता. कोटाच्या वर जे होतं ते त्याने एकदाच पाहिलं.

तो फडक्याखालून बराच वेळ बाहेर आला नाही. देवाप्पाला वाटलं, ऊन लागलं. मग हात बाहेर आला, प्लेट सरकवली, झाकण काढलं, तीन मोजले, झाकण लावलं. पुढे मामा म्हणायचा, का काढला ते मला कळत नाही, हाताने काढला.

नंतर दोघांनी हातांनी, पार चाकांपर्यंत, वाळू उपसून दार उघडलं. पोलिसांना कळवायचं मामाच्या मनातच आलं नाही. देवाप्पाच्या आलं होतं, पण त्याने लढाईत वाळूतून माणसं काढली होती, तो काही बोलला नाही. मामाने डोक्यावरचं काळं फडकं वाळूवर पसरलं आणि अण्णांचं जे उरलं होतं ते वेचून त्यात बांधलं. समुद्र टेकडीपलीकडेच होता. मंत्र त्याला अर्धेच येत होते, तेवढे म्हणून त्याने ते गाठोडं लाटेत सोडलं. ज्याला भाजीवालीशी बोलायची छाती नव्हती त्याने हे एकट्याने केलं. मी त्याच्यावर पुढे फार चिडले, आजही चिडते, पण हे त्याच्या खात्यावर राहू द्यावंच लागतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला आणि पायरी न चढता मागच्या आडाकडे गेला. आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. तो धोतर-शर्टासकट डोक्यावरून घागरी ओतून घेत होता. अंगावरच्या कपड्यांसकट अंघोळ आमच्यात मयताहून आल्यावरच करतात, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. मामाला आपण काय करतो आहोत याचं भान नव्हतं, आयुष्यभराची सवय होती, ती झाली. आईने खिडकी लोटून घेतली. त्यानंतर दहा दिवस ती जमिनीवर निजली, देवघरात गेली नाही, दिवसातून एकदाच जेवली. विचारलं तर म्हणाली, कणकण आहे. कुंकू मात्र तिने पुसलं नाही. म्हणजे मामाने लपवायच्या आधीच तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मामाला ठाऊक नव्हतं.

इकडे मामाने प्लेट धुतली. कोट अगदी स्पष्ट आला होता. हा फोटो काकांच्या हातात पडला की त्याच आठवड्यात मागच्या दारी न्हावी बसणार. मामा दोन दिवस डेस्कावर बसून होता. मालकाला वाटलं, कुणा मोठ्या घरच्या मुलीचं काम असेल. मामाने कोटाचा एकेक भाग पेन्सिलीने भरत आणला. वाळूच्या कणासारखे ठिपके, हजारो ठिपके. जिथे अण्णा होते तिथे सीटवर वाऱ्याने आणलेली वाळू पसरली. मी तो फोटो पुढे कितीदा तरी निरखून पाहिला. त्याच्या हयातीतलं ते सर्वांत उत्तम काम होतं.

त्याचा हिशोब साधा होता. गाडीत माणूस नाही म्हणजे काही ठरत नाही, काही ठरत नाही म्हणजे बारा वर्षं पुरी होईपर्यंत अक्का सुटली, पुढचं पुढे. काका फोटो बघायला आले. अंगारा-अक्षत लावलेलं ते कपाळ फोटोवर वाकलं. मी दाराआड होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "गाडी आहे, माणूस नाही. म्हणजे उतरला, आणि वादळात गेला. सरळ आहे. मग आता बारा वर्षं कशाला थांबायचं? आचार्यांना विचारून तिथी धरतो. हयवदना, न्हाव्याला तू सांगशील की मी सांगू?"

मामाच्या पायाखालची वाळू सरकली. पेन्सिल स्टुडिओत राहिली होती आणि आता तोंडानेच काहीतरी भरायला हवं होतं.

"नाही," तो म्हणाला. "तिथले लोक म्हणतात... वादळ झाल्यावर एक गाडीवाला होडीत बसून लंकेला गेला. बंगळूरचा. कोट घातलेला."

"म्हणजे पळाला?"

मामाने मान हलवली. होय म्हणायचंही धाडस झालं नाही, नुसती मान हलवली.

काका उठले. त्यांनी फोटो पालथा ठेवला. माझ्या मते त्या माणसाला खरंच दुःख झालं होतं, त्यांनी अण्णांना खांद्यावर खेळवलं होतं. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "पळालेल्याचं श्राद्ध आम्ही घालत नाही. जिवंत आहे तर जिवंत राहू दे. आजपासून त्याचं नाव कुणी काढायचं नाही." आणि छत्री घेऊन निघून गेले.

आईचे केस वाचले. तेव्हाचेच नव्हेत, चौसष्टचेही. मामाला वाटलं होतं त्यापेक्षाही जास्त काम फत्ते झालं.

आणि मी पंधरा वर्षांची, दाराआड उभी राहून शिकले की माझा बाप आम्हाला टाकून पळाला. सहा वर्षांची असल्यापासून मी त्यांची वाट पाहत होते. रस्त्यावर मोटार वाजली की अभ्यास सोडून उठत होते. त्या दिवसापासून उठले नाही. भिंतीवरचा त्यांचा फोटो मीच काढून ट्रंकेत टाकला. शाळेत कुणी विचारलं तर सांगायचे, "आहेत. लंकेत दुसरं बिऱ्हाड करून आहेत." मला असं बोलायला चेव यायचा. भीमन अमावास्येला आमच्याकडे बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी पूजा करतात. आई करायला बसली की मी मुद्दाम समोर उभी राहून म्हणायचे, "कुणासाठी करतेस? त्या पळपुट्यासाठी?" आई समई लावायची. एकदा मामा जेवत होता, तो भरल्या ताटावरून उठून गेला. मला वाटलं, त्यालाही बापाचाच राग आला.

आई तेव्हा का बोलली नाही, हे मी तिला म्हातारपणी विचारलं. ती म्हणाली, "केसांचं मला काय गं. केसांची भीती हयवदनाला होती. पण त्या बापड्यानं जन्मात पहिल्यांदा कुणासाठी काहीतरी केलं होतं. ते खोटं म्हणून कसं मोडू? आणि तू अशी होशील हे मला काय ठाऊक." मी कशी झाले ते तिने सांगितलं नाही, मला माहीत होतं.

चौसष्टच्या वैशाखात माझं लग्न ठरलं. मुलगा जयनगरच्या शाळेत मास्तर, माणसं साधी, बाप पळालेला आहे हे ऐकूनही हो म्हणालेली. लग्नाच्या दिवशी सकाळी छत्रात, म्हणजे आमच्याकडच्या लग्नाच्या वाडीत, नांदीश्राद्धाला सगळे बसले. घरातल्या गेलेल्या पितरांना नावं घेऊन कार्याला बोलवायचं, जेवू घालायचं आणि मग मंगलाष्टकांकडे वळायचं. कन्यादान काका आणि काकू करणार होते. मी पिवळं नेसून भिंतीशी बसले होते. मामा दर्भ-पळसपानं पुढे करत होता. आई दारात उभी होती.

आचार्यांनी पळीत पाणी घेतलं आणि विचारलं, "मुलीचे वडील हयात आहेत ना? मग त्यांना सोडून त्यांच्या वडिलांपासून नावं घेतो."

"हयात," काका कोरडेपणाने म्हणाले. "घ्या."

मी मामाकडे पाहिलं, ते सहजच. पानं पुढे करायची तो विसरला होता. त्याला तेव्हा काय वाटत असेल ते मला आता कळतं. मुलीच्या लग्नात सगळे पितर पानावर बसणार आणि एकटा तिचा बाप, ज्याला ह्यानेच समुद्रात सोडला, तो दाराबाहेर उपाशी उभा राहणार. पण बोलावं तर अक्का समोर उभी, हिरव्या बांगड्या भरलेली, अंबाड्यात मोगरा माळलेली. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. 

"आचार्य, थांबा," आई म्हणाली. "त्रिविक्रम. त्यांचं नाव पहिलं घ्या."

माझ्या आईने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. घास घेतानासुद्धा ती माझ्या नावावरून "अहल्येचे अण्णा" म्हणायची. एवढ्या माणसांत ते नाव असं उघडं ऐकून काकूंनी कानावर हात ठेवले. आईने पदराचं टोक ओलं केलं आणि तिथेच, दारात, कुंकू पुसलं. "ते गाडीतच होते," ती म्हणाली. "वादळातच गेले. कुठे पळाले नाहीत. हयवदनानं त्यांना पोचवलं, मी त्याला आडावर न्हाताना पाहिलं आणि दहा दिवस तेव्हाच धरले. त्यांना त्यांच्या लेकीच्या लग्नात जेवू घाला."

मामा मट्कन खाली बसला. आपण तीन वर्षं एकटेच वाहत होतो ते ओझं अक्काच्या डोक्यावरही होतं, हे त्याला त्या क्षणी कळलं. तो लहान मुलासारखा रडू लागला.

काकांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा दगड झाला. "म्हणजे नऊ अधिक तीन वर्षं माझ्या भावाला पाणी नाही," ते म्हणाले. "सरी. कार्य थांबवता येत नाही. आचार्य, त्याचं नाव घ्या. अंबुबाई, तुम्ही मागच्या खोलीत बसा. उद्या सकाळी न्हाव्याला बोलावतो, जे तीन वर्षांपूर्वी व्हायचं ते उद्या होईल."

"नाही," मामा म्हणाला.

तो उठून उभा राहिला. नाक पुसलं. आवाज बारीकच होता. "अक्काच्या केसांना कुणी हात लावायचा नाही. ज्याला लावायचाय त्यानं आधी मला बाजूला करावं."

मला वाटलं, आता छप्पर कोसळतं. काकांनी मामाकडे पाहिलं. दारातल्या आईकडे पाहिलं. कोपऱ्यात तांबड्या लुगड्यात बसलेल्या कावेरीआत्याकडे पाहिलं, आणि आत्या, जन्मात कधी भावाच्या नजरेला नजर न देणारी, त्या वेळी सरळ त्यांच्याकडे बघत होती. काकांनी पंचा झटकून खांद्यावर घेतला. "आचार्य," ते म्हणाले, "चला, मुहूर्त जातोय."

बस्स. एवढंच झालं. न्हावी दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही कधी आला नाही. आईचे केस तिच्याबरोबरच पांढरे झाले.

मी भिंतीशी बसून होते आणि मला आनंद व्हायला हवा होता. मला मामाचा इतका संताप आला की हातातला नारळ फेकावासा वाटला. एवढं एकच वाक्य! हेच वाक्य तीन वर्षांपूर्वी, खरा फोटो काकांपुढे ठेवून म्हटलं असतं, तर दोन दिवस पेन्सिल झिजवावी लागली नसती. माझा बाप लंकेला गेला नसता. मी त्याला पळपुटा म्हटलं नसतं, ट्रंकेत घातलं नसतं. मामाने आईचे केस वाचवले आणि त्यासाठी माझा बाप खर्ची घातला, केवळ तोंड उघडायची भीती वाटली म्हणून. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्या भीतीत काही अर्थच नव्हता.

लग्न लागलं. निघायच्या वेळी मी सगळ्यांच्या पाया पडले, मामाला वगळून पुढे गेले. तो फाटकाशी हात जोडून उभा होता. त्याला कळलं होतं, आणि तो काही म्हणणार नव्हता, किडकी वांगी मुकाट्याने घेतो तसंच. गाडीत एक पाय ठेवला आणि मला राहवलं नाही. मी परत आले.

"मामा," मी म्हटलं, "अण्णा तिथे वाळूत कशाला गेले होते? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही भरू नको."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "जाताना कशाला गेले ते मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "मिठागराकडं आडवाटेनं निघाले असतील. पण रुतले ते जाताना नाही. गाडीचं तोंड पश्चिमेला होतं, रस्त्याकडं. समुद्र पाठीशी होता. मागच्या चाकांखाली त्यांनी ताडाच्या झावळ्या घातल्या होत्या, एकावर एक, पुष्कळ. हातानं तोडलेल्या. ते घरी यायला निघाले होते, अहल्या."

मी तिथेच, रस्त्यात, मामाचे दोन्ही हात धरून रडले. अण्णांसाठी मी तोवर एकदाही रडले नव्हते. आधी ते येणार होते म्हणून आणि नंतर ते पळाले होते म्हणून. माझ्या सासूबाई फार चांगल्या होत्या. त्या गाडीतून उतरल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रडू द्या तिला. माहेर सोडताना सगळ्याच रडतात."